करंजीच्या घाटातून, ओरखडा न पडता

नगर

नगरहून पाथर्डीला जाण्यात सांगण्यासारखं काही नाही, असं आमच्या कचेरीतले सगळे म्हणतात. एसटीत बसायचं, करंजीच्या घाटात खिडकीबाहेर डोकवायचं, उतरल्यावर धूळ झटकायची, झाला प्रवास. मीही एसटीने गेलो असतो तर हेच म्हणालो असतो. पण मी गेलो तो कोऱ्या करकरीत फटफटीवरून, आणि ती फटफटी माझी नव्हती. माझ्या बहिणीच्या होणाऱ्या नवऱ्याची होती. तिच्यावर एक ओरखडा उठला असता तर बहिणीचं लग्न मोडलं असतं. हे मी तिखटमीठ लावून सांगत नाही. आधीची हकिकत ऐकली की पटेल.

सुमीचं लग्न याआधी एकदा ठरून मोडलं होतं. सुपारी फुटली आणि पाठोपाठ त्या लोकांची दुभती म्हैस मेली. म्हैस म्हातारी होती, तिचे दिवसच भरले होते. पण 'पोरीचा पायगुण' एवढंच कुणीतरी बोललं आणि ते गावोगाव पसरलं. पुढे कितीतरी दिवस आमच्या दाराशी कुणी पाहुणा फिरकला नाही. आईने रडून रडून डोळे सुजवून घेतले होते.

मग एकाहत्तर साली हे स्थळ आलं. पाथर्डीच्या पलीकडे डोंगराच्या कुशीतलं छोटं गाव. मुलगा दत्तात्रय, ग्रामसेवक, कमी बोलणारा. त्याची आई मात्र शकुन-अपशकुन फार बघणारी. त्याने फटफटीसाठी नंबर लावून ठेवला होता. वर्षं लोटली तरी लागेना, आणि लागला तो नेमका लग्नाच्या तोंडावर. गाडी नगरच्या दुकानात येऊन उभी राहिली. पण त्याला ती चालवता येत नव्हती, आणि मला आमच्या साहेबांच्या गाडीवर हात साफ केल्यामुळे येत होती. म्हणून त्याचे वडील, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, स्वतः आमच्या घरी आले.

"लग्नाच्या आदी दारात लक्ष्मी येतीया," तात्या म्हणाले. "तुमी नवरीचं भाऊ. तुमच्या हातनं यिऊ द्या. ट्रकात-बिट्रकात घालून न्हाई. आपल्या चाकावं आली पायजे."

आईने मान डोलावली. तात्या गेल्यावर ती भिंतीला टेकून बसली.

"बाळू," ती म्हणाली, "एका म्हशीनं घात केला. आता ही लोखंडाची म्हैस तरी नीट ने रे बाबा."

दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात. आम्ही तर ताक फुंकून, गाळून, पुन्हा फुंकून प्यायला बसलो. दुकानातल्या मिस्त्रीला मी विचारलं, गाडी पडली तर काय काय मोडतं? तो हसला. आरसा मोडतो, दिवा फुटतो, क्लचची आणि ब्रेकची दांडी मोडते, टाकीला पोचा येतो, आणि माणसाचं काय मोडेल ते सांगता येत नाही, म्हणाला. त्याने पुढे लोखंडी गार्ड बसवला. आरसा काढून माझ्या पिशवीत दिला. दांड्यांचे स्क्रू त्याने मुद्दाम जरा ढिले ठेवले. पडलीच तर दांडी फिरेल, मोडणार नाही. हे मला फार आवडलं. आणि निघताना बजावलं, "तापलेल्या इंजिनावर पाणी वतू नका, तडकंल."

एवढ्यावर निघालो असतो तर बरं होतं. पण घरी आल्यावर आईने कंबर कसली. टाकीवर जुनी गोधडी घातली आणि सुतळीने करकचून बांधली. हँडलच्या टोकांना सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे गुंडाळले. मग तिला गाढवाच्या पाठीवरच्या गोण्या आठवल्या. दोन पोती भुसकटाने ठासून भरली, सुमीने दाभणाने तोंडं शिवली, आणि ती दोन्ही अंगांना लोंबती बांधली. गाडी कुठल्याही कुशीवर पडली तरी गादीवर पडेल, असा हिशेब. मीच तो मोठ्या कौतुकाने सगळ्या गल्लीला समजावून सांगितला. शेजारचे अण्णा गाडीभोवती फिरले आणि म्हणाले, "बाळासाहेब, फटफटी आहे का बाळंतीण?"

कौडगावच्या अलीकडे

भिंगार ओलांडेपर्यंत लष्कराच्या ट्रकांनी माझा जीव घेतला. त्या दिवसांत त्यांची ये-जा फार वाढली होती. एक ट्रक शेजारून गेला की वाऱ्याने पोती हलत आणि माझं काळीज त्यांच्याबरोबर हलायचं. उजवीकडे डोंगरावर चांदबिबीचा महाल उन्हात उभा होता. शाळेच्या सहलीत आम्ही तिथे शेंगा खात हिंडलो होतो. या खेपेला मी त्याच्याकडे एकदाच पाहिलं, तेवढ्यात पुढचं चाक खड्ड्याकडे वळलं. त्यानंतर मी कुठल्याच देखाव्याकडे पाहिलं नाही. प्रवासवर्णन लिहिणाऱ्याने असं म्हणू नये, पण नगर ते मेहेकरी मी रस्त्याचे खड्डे तेवढे पाहिले.

पाऊस याही वर्षी दगा देऊन गेला होता. कार्तिक लागला तरी रानं भुंडीच होती. बाजरीची कणसं बोटाएवढी. रस्त्याकडेच्या एका झोपडीवजा हॉटेलात मी चहाला थांबलो. गाडी स्टँडवर लावली, आत वळलो, आणि मागे धप्प आवाज झाला.

स्टँड भुसभुशीत मातीत रुतला होता. गाडी डाव्या कुशीवर आडवी. हॉटेलवाला आणि मी तिला उभी केली. मी गुडघ्यांवर बसून अंगुळभर अंगुळभर तपासली. पोत्याने तिला झेलली होती. कुठे काही नाही. क्लचची दांडी नुसती फिरली होती, मी ती हाताने सरळ केली. मला एवढा आनंद झाला की मी हॉटेलवाल्याला मिठी मारायला निघालो.

"पावनं," तो मागे सरकत म्हणाला, "दगूड ठिवावा स्टँडखाली. चपटा. सायकलीला बी ठिवत्यात लोक."

पुढच्या सगळ्या वाटेवर माझ्या पिशवीत आरसा आणि चपटा दगड अशी जोडी होती, आणि दगडाने आरसा फुटू नये म्हणून दोघांच्या मधे माझा टॉवेल.

करंजीचा घाट

एका पडण्यातून निभावल्यामुळे मला जरा हुशारी आली होती. घाटाची चढण लागली तेव्हा मी गुणगुणतही होतो. मग समोरून बैलगाड्या दिसल्या.

ऊसतोडीला निघालेली माणसं. पाथर्डीकडच्या गावांतून निम्मी घरं या दिवसांत कुलूप लावून साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. गाड्यांवर भांडी, चुलीचे दगड, कोंबड्या, म्हातारी माणसं, कोयते, लेकरं. एकामागून एक उतरत होत्या आणि मी चढत होतो. आमच्याकडे दिवाळीला घरं सारवून भरतात, यांच्याकडे दिवाळी झाली की रिकामी होतात. मी हे मनात जुळवत होतो तोवर एक बैल माझ्या फुगीर पोत्यांना बुजला आणि आडवा आला.

मी ब्रेक मारला. गाडी खडीवर सरकली आणि उजवीकडे बसली. पडली म्हणण्यापेक्षा बसलीच, पोत्यावर अगदी आरामात. पण उचलून पुन्हा चालू करायला गेलो तर चालू होईना. किक मारतोय, मारतोय, आत हूं की चूं नाही. वर जळका वास येऊ लागला. खाली पाहिलं तर पोत्यातून धूर निघत होता.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. या इंजिनाला थंड करायला दुसरं काही नसतं, वाराच असतो. आणि तो वारा आम्ही दोन पोती लावून नगरपासून बंद केला होता. वर चढणीचा रस्ता. पडून काही होऊ नये म्हणून केलेल्या उपायानेच गाडी मारत आणली होती मी. इंजिन जाम झालं असेल या विचाराने मला दरदरून घाम फुटला. पोचा लपवता येतो. मेलेली फटफटी कशी लपवणार?

तेवढ्यात बैलगाडीवरून उतरलेली एक म्हातारी, कौसाबाई तिचं नाव, पाण्याची कळशी घेऊन आली आणि ती इंजिनावर ओतायला वाकली.

"नका! नका!" मी असा किंचाळलो की तिच्या हातून कळशी हिंदकळली.

"आगं बया," ती म्हणाली. "येवढं वराडायला काय झालं? बैल तापला तर पानीच मारतो आमी."

"आजी, हे लोखंड आहे. पाणी पडलं तर तडकेल."

"मंग तुज्या तोंडाव मारू का? लई लाल झालंय."

माझी अवस्था बघून ती निवळली. तिचा मुलगा खाली उतरला, दोघांनी मिळून पोती सोडली. एकाची बाजू काळी पडली होती. ते दाबून विझवलं. आता वाट बघण्याशिवाय काही करता येत नव्हतं. मी कडेला बसलो. कौसाबाईने भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पुढे केली. नको म्हणालो तर म्हणाली, "उपाशी बसल्यानं ती लौकर गार व्हनार हाय व्हय?"

खाता खाता मी तिला सगळं सांगितलं, सुमीचं, म्हशीचं, डोंगराकडच्या शकुन बघणाऱ्या विहिणीचं. का सांगितलं कुणास ठाऊक. भीती एवढी साठली होती की कुणापुढे तरी सांडणारच होती. कौसाबाई चघळत राहिली.

"माज्या पायगुनानं तर दरसाल घर सुटतंय," ती म्हणाली. "कोन काय म्हनत न्हाई. सगळ्यांचंच सुटतंय ना."

मला हसू आलं आणि वाईटही वाटलं.

आम्ही बोलतोय तोवर तिच्या बैलांनी शाबूत पोत्याचं तोंड शोधलं होतं. सुमीने दाभणाने घातलेले टाके एका बैलाने जिभेने उसवले आणि भुसकट मचमच खायला लागला. मी उठलो, पण पाहिलं तर त्याच्या बरगड्या दिसत होत्या. "खाऊ द्या," मी म्हणालो. असा माझा पडण्यापासूनचा निम्मा बचाव बैलाच्या पोटात गेला, आणि उरलेला जळका अर्धा मी आपणहून त्याच्या पुढे ओतला.

इंजिनाला हात लावता येऊ लागला तेव्हा मी डोळे मिटून किक मारली. दुसऱ्या खेपेला ती फुरफुरली आणि चालू झाली. मी देवाचं नाव घेतलं. कौसाबाईने मात्र दोन्ही कानांवर हात ठेवले होते.

पाथर्डीच्या पुढे

तिसगाव गेलं, पाथर्डी आली. पाथर्डीच्या बाजारात मी गाडीवरून उतरलोच नाही, कारण स्टँडखाली ठेवायचा दगड काढायचा म्हणजे आरसा काढायचा, आणि भोवती गर्दी. भज्यांचा वास घेऊन तसाच पुढे गेलो. पोती नसल्यामुळे गाडी हलकी झाली होती आणि मी जड झालो होतो. कपडे उतरवून गावातून चालल्यासारखं वाटत होतं.

गाव दिसू लागलं तिथे एक कोरडी नदी आडवी आली. पाणी औषधाला नाही, नुसती वाळू. अशा वाळूत चाक कसं वागतं हे साहेबांच्या गाडीने मला शिकवलं नव्हतं. मध्यावर पुढचं चाक फिरलं, गाडी कलली, आणि ती जिथे पडणार तिथे नांगराच्या फाळासारखा एक दगड वर आलेला. टाकी बरोबर त्याच्यावर जाणार होती. गोधडी होती, पण त्या दगडापुढे गोधडी काय करणार? मी काही ठरवलं नाही. माझा डावा हात आपोआप मधे गेला.

हाडाचा आवाज आला का दगडाचा, कळलं नाही. डोळ्यांपुढे काजवे चमकले. टाकी माझ्या हातावर होती आणि हात दगडावर. कसाबसा पाय लावून तिला उचलली. पेट्रोल बंद केलं. मग वाळूत बसून आधी टाकी बघितली आणि मग मनगट. टाकी चकचकीत होती. मनगट सुजून भोपळ्याएवढं होऊ लागलं होतं. मला खरोखर बरं वाटलं, आणि तसं वाटल्याचीच मला नंतर फार चीड आली. पण तेव्हा बरंच वाटलं.

मी एका हाताने सुतळ्या सोडल्या, गोधडी घडी करून मागे बांधली, आरसा बसवला, धोतराच्या फडक्याने गाडी पुसली. सदऱ्याची बाही मनगटावर ओढून घेतली आणि क्लचला दोन बोटं लावून गावात शिरलो.

सोयऱ्यांच्या दारी

अख्खं गाव जमलं होतं. आमच्याकडे पाहुण्याच्या हातात आधी चहाचा कप येतो, इकडे गूळ आणि पाणी. तो गूळ मी उजव्या हाताने घेतला. दत्तात्रयची आई, म्हणजे आमच्या होणाऱ्या विहीणबाई, ताट घेऊन आल्या. त्यांनी फटफटीला हळदकुंकू लावलं, ओवाळलं, आणि मग डोळे बारीक करून तिच्याभोवती फिरल्या. टाकीवरून बोट फिरवलं. दिवा पाहिला. गार्डाखाली वाकल्या. माझ्या कपाळावरचा घाम गालांवर उतरला.

"कुटं काय लागलं न्हाई," त्या शेवटी म्हणाल्या. "पोरगी पायगुनाची हाय."

मनात म्हटलं, सुटलो. सुमे, सुटलीस.

दत्तात्रय बाजूला उभा होता. गाडीकडे पाहून झाल्यावर तो माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "हाताला काय झालं तुमच्या?"

"काही नाही. जरा मुरगळला."

त्याने आणखी काही विचारलं असतं, पण मंडळींनी गलका केला. दत्तू, बस की! चालवून दाव की! मी म्हणालो, उद्या, शांतपणे शिकवतो. कोण ऐकतंय? नवरदेव लाजत लाजत बसला. मी घाईघाईत सांगितलं, क्लच हळूहळू सोडा, हळूहळू. त्याने मान हलवली, आणि एकदम सोडला.

फटफटीने अंगणातून झेप घेतली. कोंबड्या उडाल्या, बाया ओरडल्या, आणि गाडी सरळ जाऊन गोठ्याच्या दगडी भिंतीवर आदळली.

गार्ड आत वाकला. दिव्याची काच खळ्ळकन खाली आली. टाकीला नारळाएवढा पोचा. आरसा, जो मी नगरपासून टॉवेलात जपून आणला होता, त्याचे तुकडे शेणात चमकत होते. दत्तात्रय धुळीत पडला होता आणि त्याच्या उजव्या कोपरातून रक्त वाहत होतं.

विहीणबाईंच्या हातात ओवाळणीचं ताट तसंच होतं. निरंजन अजून तेवत होतं. त्यांनी गाडीकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे.

"मला वाटलंच हुतं," त्या म्हणाल्या. "म्हशीचं आमाला ठावं न्हाई असं वाटलं का तुमाला? आमच्या कानाव आलं हुतं. ह्यांनी आयकलं न्हाई माजं."

एवढ्या घाटातून, वाळूतून जे जपत आणलं ते अंगणात येऊन फुटलं होतं. मी खाली मान घालून उभा राहिलो. आता कुणीतरी 'लग्न मोडलं' म्हणणार आणि मला तो निरोप घेऊन एसटीने परत जावं लागणार.

दत्तात्रय धुळीतून उठला. कमी बोलणारा माणूस. आवाजही मोठा नव्हता.

"आये, गाडी मी पाडली," तो म्हणाला. "क्लच मी सोडला, यांनी सांगितलं तसा सोडला न्हाई. सुमन नगरात बसलीया. तिचं नाव मधी आनायचं न्हाई."

"आरं पन—"

"आज न्हाई. लगीन झाल्याव बी न्हाई. म्हैस मरू, न्हाई तर इहीर आटू. आनि सगळे गाडी बगताय, त्या मानसाचा हात मोडलाय ते बगा आदी."

विहीणबाईंच्या चेहऱ्यावरून राग गेला असं मी म्हणणार नाही. पण त्यांनी ताट खाली ठेवलं आणि आत गेल्या, आणि बाहेर आल्या त्या हळदीचा गरम लेप घेऊन. आधी माझ्या मनगटाला लावला, मग मुलाच्या कोपराला, जरा जोरातच. त्या दिवशी जेवायला हुलग्याच्या पिठाची शेंगोळी होती. आम्ही दोघं शेजारी शेजारी बसून जेवलो, मी उजव्या हाताने, तो डाव्याने, आणि त्याच्या ताटाबाहेर बरंच सांडलं.

परत नगर

परतीचा प्रवास एसटीचा, म्हणजे त्यात खरोखरच सांगण्यासारखं काही नाही. घाट आला तेव्हा मी खिडकीबाहेर डोकावलो आणि डोंगर पहिल्यांदा नीट पाहिले.

आई दारातच होती. माझ्या गळ्यात अडकवलेल्या हाताकडे तिचं लक्षही गेलं नाही.

"फटफटी?" ती म्हणाली.

"पोचली. आणि पोचल्यावर फुटली."

ती मटकन उंबऱ्यावर बसली. मग मी तिला सगळं सांगितलं, अगदी शब्दाला शब्द. दत्तात्रय काय बोलला ते तर दोनदा सांगितलं. आई पदर तोंडाला लावून रडायला लागली, आणि रडता रडता म्हणाली, "आता तुझा हात बघू."

सुमी आत चुलीपाशी भाकरी थापत होती. तिला सगळं ऐकू गेलं होतं. थापण्याचा आवाज मधेच थांबला होता.

"दादा," ती म्हणाली, "त्यांना कुठं लागलं?"

"कोपराला."

"कुठल्या?"

"उजव्या."

ती पिठातले हात तसेच घेऊन बाहेर आली.

"मग जेवतात कसे?"